मदत हवी आहे: सहावीतल्या पोराला दुसरीतल्या बहिणीशेजारी वाचायला बसवायचं कसं?

नमस्कार मंडळी, मी कोल्हापुरात बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. एनएसएसमधून (राष्ट्रीय सेवा योजना) आम्ही ११ जण कसबा बावड्याच्या बाजूला ऊसतोड कामगारांच्या पालांवर संध्याकाळी पोरांना शिकवायला जातोय, बरीच कुटुंबं बीडकडची आहेत. वर्षाचे १२० तास आमचे कधीच भरलेत, पण पोरांचा लळा लागलाय, सोडवत नाही.

सुरुवातीला इयत्तेप्रमाणे बसवलं, ते फसलं. मग 'प्रथम' संस्था करते तसं इयत्ता बाजूला ठेवून अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट यातलं कुठपर्यंत येतंय ते बघून गट पाडले. लहान पोरांना लई फायदा झाला.

अडलंय ते एका पोरापाशी. सहावीत आहे, आणि शब्दांच्या गटात त्याच्या शेजारी त्याचीच दुसरीतली बहीण. परवा तिनं 'प्रकाश' घडाघडा वाचलं, याच्या तोंडून आधी 'परकाश', मग 'पकाश', मग गप्पच, नुसता अंगठ्यानं पाटी घासत राहिला. दुसऱ्या दिवसापासून बैलांना वैरण टाकायचीय म्हणून येईना झालाय. हाच पोरगा आईबापाच्या कोयत्याचा (ऊस तोडणाऱ्या जोडीला कोयता म्हणतात) हिशोब तोंडी सांगतो, टन किती झाले, उचलीतले, म्हणजे आधीच घेतलेल्या आगाऊ पैशातले, किती फिटले, आमच्यातला कॉमर्सवाला मोबाईल काढेपर्यंत याचं उत्तर तयार! दरवर्षी पाच-सहा महिने गाव सुटतं, त्यात जोडाक्षरं राहून गेली, त्याची काय चूक?

वेगळा बसवला तर एकटा पडतो, मोठ्यांच्यात घातला तर वाचता येत नाही. मार्चच्या आसपास गाळप संपलं की गावाकडं जाणार, हातात सात-आठ आठवडे आहेत. साखरशाळेत (कारखान्यावरची ऊसतोड कामगारांच्या पोरांची शाळा) नाहीतर वीटभट्टीवर शिकवलेलं कुणी असेल तर प्लीज सांगा, उद्या संध्याकाळी मी नेमकं काय करू?

प्रतिसाद १:
वीटभट्टीवर चार वर्षं शिकवलंय, त्यावरनं सांगते. तो येत नाही ना, मग तूच बैलांकडं जा. वही घेऊन जा, पुस्तक नको. तो हिशोब सांगेल तो त्याच्याच शब्दांत लिही आणि त्यालाच वाचायला लाव. ट्रॅक्टर, ट्रॉली, मुकादम, पट्टी, वाढं (उसाचे शेंडे). जोडाक्षरं यातच आहेत की, आणि रोज बघतो ते शब्द वाचायला लाज वाटत नाही. बहिणीसमोर वाचायला लावू नकोस, निदान महिनाभर तरी.

धागाकर्ता:
ताई, आज गेलतो. वैरण टाकून होईपर्यंत वही उघडलीच नाही मी, मग त्यानंच विचारलं, काय लिवलंय? ट्रॉलीच्या मागं रंगवलेलं त्याला पाठच होतं, ते वाचन धरता येईना, म्हणून वहीत नुसतं 'ट्रॉली' लिहून दाखवलं, वाचलं! 'पट्टी' पण वाचलं. 'ट्रॅक्टर'ला अडला, पण उठून गेला नाही. आता हातच्याच्या वजाबाकीचं सांगा, तोंडी बरोबर येते आणि कागदावर चुकते, तिथं उचलीचाच हिशोब घेऊ का? घरच्या कर्जाचा आकडा पोरापुढं सारखा काढणं मला बरं वाटंना.