घरचा सर्व्हर: 'जुना डेस्कटॉप लावा, झालं' म्हणणाऱ्यांना उत्तर

राजारामपुरीकर
घरच्या सर्व्हरबद्दल (फोटो-फायली ठेवायला घरीच कायम चालू ठेवलेली मशीन) काल इथं एकानं लिहिलं: "घरी सर्व्हर लावायला पैसे लागत नाहीत. माळ्यावरचा जुना डेस्कटॉप काढा, सापडतील त्या चार डिस्क जोडा, रेड (RAID, अनेक डिस्क एकत्र चालवायची पद्धत) लावा. बॅकअपची कटकट संपली. नवीन मशीन घेणारे नुसते हौशी." त्यावर बऱ्याच जणांनी 'एक नंबर' म्हणून टाकलं. हे वाचून कुणीतरी आपल्या पोरांचे फोटो घालवून बसेल, म्हणून वेगळा धागा.

रेड म्हणजे बॅकअप नव्हे. एक डिस्क मेली तरी काम थांबू नये, एवढ्यासाठी रेड. पोरानं चुकून फोल्डर उडवलं तर ते सगळ्या डिस्कवरनं त्याच क्षणी उडतं. रॅन्समवेअर शिरला, चोरी झाली, पॉवर सप्लाय जाताना डिस्क घेऊन गेला, यातल्या कशातच रेड वाचवत नाही. त्यात 'सापडतील त्या' डिस्क म्हणजे एसएमआर (एकमेकांवर चढलेल्या पट्ट्यांत लिहिणाऱ्या, म्हणून पुन्हा लिहायला हळू) निघायची शक्यता दाट. 2020 मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या खास नॅससाठी (नेटवर्कवरच्या साठवणीच्या मशीनसाठी) विकल्या जाणाऱ्या 'रेड' (Red, हे नुसतं ब्रँडचं नाव) डिस्कसुद्धा काही एसएमआर निघाल्या, बोंबाबोंब झाली, मग सीएमआरवाल्यांना (नेहमीच्या पद्धतीनं लिहिणाऱ्यांना) 'रेड प्लस' नाव मिळालं. एसएमआर डिस्क रेडमध्ये बदलायची वेळ आली की रिबिल्ड (नव्या डिस्कवर डेटा परत भरणं) रखडत राहतं, आणि तेवढा वेळ उरलेल्या डिस्कवर सगळा भार.

लाईट बिलाचं गणित कुणी केलंच नाही. 60 वॉटची मशीन चोवीस तास चालली तर महिन्याला 43 युनिट. एन100 चा (इंटेलचा कमी वीज खाणारा प्रोसेसर) बोर्ड आणि दोन डिस्क मिळून 20-25 वॉटच्या आसपास, म्हणजे 14 ते 18 युनिट. ज्याचं बिल 100 युनिटच्या आत असतं त्याला ती जुनी मशीन सरळ पुढच्या स्लॅबमध्ये ढकलते.

माझं म्हणणं एवढंच: पैसे मशीनवर घालू नका, डिस्कवर घाला. आणि दोनच डिस्क परवडत असतील तर मिरर करू नका, म्हणजे दोन्हींवर एकाच वेळी तेच लिहू नका. एक मशीनमध्ये ठेवा, दुसरी घराबाहेर.

उद्यमनगरवाला
ती पोस्ट माझीच. नाव घेऊन बोला की.

60 वॉट कुठनं आणले? ग्राफिक कार्ड घातलेला गेमिंग पीसी मोजलाय काय? बँका-ऑफिसांतनं निघालेले चौथ्या पिढीच्या आय5 चे छोटे डबे नुसते चालू असताना डिस्क सोडून 20 वॉटच्या आसपास खातात. माझ्याकडं मीटर आहे, लावून बघितलंय. एन100 चा नवा बोर्ड, रॅम, केबिनेट, पॉवर सप्लाय यांचा खर्च विजेच्या फरकातनं कधी वसूल होणार? आणि त्या बोर्डांवर साटा पोर्ट (डिस्क जोडायच्या जागा) बहुतेक दोनच. तिसरी डिस्क आली की कार्ड शोधत हिंडा, नाहीतर यूएसबीच्या डब्यात लावा आणि डिस्क मधेच गायब होताना बघा.

माझ्या वर्कशॉपमध्ये ड्रॉइंगच्या फायली अशाच डब्यावर आहेत. शेजारी दिवसभर ग्राइंडर चालतो. एकदाही अडलं नाही.

नागाळा पार्क
ग्राइंडरशेजारी आवाज कळायचाच नाही, दादा. माझं घर दोन खोल्यांचं आहे, हॉलमध्ये सासूबाई झोपतात. रात्री एक वाजता 7200 आरपीएमची डिस्क करकर करायला लागली की त्या उठून बसतात. शांत मशीन ही चैन नाही. आवाज झाला की घरातलं माणूस प्लग काढतं, आणि बंद सर्व्हर कुणाच्याच उपयोगाचा नाही.

पंखा मोठा घ्या, 120 मिलिमीटरचा, सावकाश फिरणारा. 40 चे बारके पंखे शिट्टी घालतात. डिस्क 5400 ची. आणि लोखंडी कपाटावर ठेवू नका! आमच्याकडं तिथंच होती आणि कपाटाचा पत्रा अख्खा घुमायचा. हात दारावर दाबून धरला की आवाज थांबायचा, सोडला की सुरू. स्वयंपाकघरातल्या कडप्प्याच्या फळीवर, खाली जाड रबराचा तुकडा घालून ठेवली, तेव्हापासून चालू आहे का बंद हे दिवा बघून सांगावं लागतं.

उद्यमनगरवाला
पत्र्याचं ताईंचं बरोबर आहे. पातळ पत्रा घुमणारच, ते आमचं रोजचं काम आहे. डिस्कच्या स्क्रूखाली रबरी बुश घाला, निम्मा आवाज तिथंच मरतो. पण यासाठीसुद्धा नवी मशीन लागत नाही, एवढं लिहून ठेवा.

कळंबा रिंगरोड
तुम्ही सगळे वॉट मोजत बसलाय. मला सांगा, बाहेरनं उघडायचा कसा? आमच्या भागातला नेटवाला सीजीनॅटच्या मागं ठेवतो, म्हणजे एकच पब्लिक आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) बऱ्याच घरांत वाटतो. स्वतंत्र पब्लिक आयपी मागितला तर "कशाला पाहिजे?" म्हणून विचारतो, वर महिन्याचे जादा पैसे सांगतो. डाउनलोड झकास, अपलोड मुंगीच्या पावलानं. तक्रार केली की राउटर बंद-चालू करा. पुण्याला पोरगी शिकते, तिला घरचे फोटो बघायचेत, आणि मी पोर्ट फॉरवर्डिंगचे (राउटरमधनं आत यायची वाट उघडण्याचे) व्हिडिओ बघत बसलोय!

राजारामपुरीकर
काका, पोर्ट उघडूच नका. टेलस्केल टाका (आपली मशीन आपसांत खासगी जोडणारं ॲप), सीजीनॅटमधनंही चालतं. पोरीच्या फोनवर ॲप, घरच्या मशीनवर तेच, संपलं.

कळंबा रिंगरोड
टाकतो. पण पैसे मी पूर्ण इंटरनेटचे भरतो आणि मिळतं अर्धं, हा राग आहेच.

शाहूपुरी, फोटोवाला
मूळ धाग्यातली शेवटची ओळ सगळ्यांनी सोडून दिली. घराबाहेर दुसरी प्रत. बाकीचं सोडा, हे बोला.

आमचा स्टुडिओ तळमजल्यावर. 2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेच्या पुराचं पाणी काउंटरच्या वर. सर्व्हर, यूपीएस, सगळं चिखलात. लग्नांचे फोटो वाचले ते फक्त सासुरवाडीला, गारगोटीला एक डिस्क होती म्हणून. 2021 च्या जुलैत परत तेच पाणी. ज्यांची लग्नं आम्ही काढली त्यांना काय सांगायचं असतं, रेड फाइव्ह (रेडचाच एक प्रकार) होतं म्हणून?

उद्यमनगरवाला
पूर सगळ्या कोल्हापुरात येत नाही. राजारामपुरी उंचावर, कळंबा उंचावर. मशीन वरच्या मजल्यावर ठेवली की विषय संपला. एका भागाचा नियम सगळ्यांना लावू नका.

शाहूपुरी, फोटोवाला
वरच्या मजल्यावर! पाणी चढायला लागलं की लाईट बंद करतात. बोट येते तेव्हा म्हातारी माणसं आणि पोरं आधी उतरवतात. त्या वेळी तुम्ही टॉवर कॅबिनेट खांद्यावर घेणार? उंचावर राहून आम्हाला शिकवू नका. चिखली-आंबेवाडीच्या लोकांना विचारा, घर सोडताना हातात काय घेतात.

उद्यमनगरवाला
अरे भावा, आवाज चढवू नको. 2019 ला आमच्या गल्लीतनं त्याच भागात जेवणाचे डबे पोचवलेत. पूर मला शिकवायची गरज नाही.

नागाळा पार्क
दोघंही थांबा. पाणी आमच्याकडंही येतं. माझा नियम असा: पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी 39 फुटांवर, म्हणजे इशाऱ्याला आली की सर्व्हर रीतसर बंद करायचा, डिस्क काढून डब्यात आणि डबा कागदपत्रांच्या पिशवीत. 43 ची, म्हणजे धोक्याची वाट बघायची नाही. म्हणूनच डिस्क चार नकोत, एक मोठी बरी. आणि काढायला स्क्रू ड्रायव्हर लागणार नाही असं कॅबिनेट बघा.

कळंबा रिंगरोड
एवढं सगळं करण्यापेक्षा क्लाउड का नको? महिन्याचे पैसे भरा, निवांत झोपा.

शाहूपुरी, फोटोवाला
काका, आत्ताच अपलोड मुंगीचा म्हणालात. 4 टीबी 40 एमबीपीएसनं चढवायला सलग नऊ दिवस लागतात, तेही लाईन एकदाही तुटली नाही तर. सीझनमध्ये मी आठवड्याला तेवढं शूट करतो. आणि गूगल फोटोजचं फुकट अमर्याद 1 जून 2021 ला बंद झालं, तेव्हा किती जणांची पळापळ झाली आठवा.

राजारामपुरीकर
घरगुती फोटो 200-300 जीबी असतील तर क्लाउडवर तिसरी प्रत जरूर ठेवा. स्टुडिओवाल्यांना डिस्कच पाहिजे, पाहुण्यांकडं ठेवलेली, एनक्रिप्ट केलेली. पासवर्ड घरातल्या अजून एका माणसाला माहीत असलाच पाहिजे.

उद्यमनगरवाले, विजेचं तुमचं मानतो. ऑफिसचा छोटा डबा 20 वॉटवर बसत असेल तर एन100 नव्यानं घ्यायचं कारण नाही. पण तुम्ही 'माळ्यावरचा जुना डेस्कटॉप' लिहिलं होतं, आणि लोकांच्या माळ्यावर तसला डबा नसतो, एएमडी एफएक्सचा (जुना, वीज खाणारा प्रोसेसर) ठोकळा असतो. आणि 'बॅकअपची कटकट संपली' हे वाक्य तुम्ही अजून मागं घेतलेलं नाही.

उद्यमनगरवाला
ते वाक्य काढतो. बाकी पोस्ट तशीच राहणार. डबा जुनाच, सॉफ्टवेअर ओपनमीडियाव्हॉल्ट, आठ जीबी रॅमवर मजेत चालतं. ईसीसी रॅम (चुका आपोआप दुरुस्त करणारी) पाहिजे म्हणून पोरांना घाबरवणारे आले तर त्यांच्याशी वेगळं भांडेन.

आणि फोटोवाले, वर्कशॉपमधल्या रेडमधली एक डिस्क मोकळी करतोय. आमची बहीण गडहिंग्लजला असते, ड्रॉइंग तिच्याकडं ठेवतो. तुमची गारगोटीची डिस्क किती दिवसांनी बदलून आणता?

शाहूपुरी, फोटोवाला
लग्नसराईत दर पंधरवड्याला, एरवी महिन्याला. दोन डिस्क आलटून पालटून. जाताना भरलेली न्यायची, येताना जुनी आणायची, म्हणजे एक कायम तिकडं असते. आणल्यावर आधी चार फोल्डर उघडून बघतो, मगच पुसतो.

नागाळा पार्क
डिस्क स्कूटरच्या डिकीत नेत असाल तर फोमच्या डब्यात न्या. आणि पावसाळ्यात थंडगार डिस्क आणल्या आणल्या लावू नका, तासभर खोलीत राहू द्या.

कळंबा रिंगरोड
टेलस्केल चाललं! पोरीनं आत्ता गणपतीचे फोटो उघडले. नेटवाल्याला मात्र उद्या जाऊन विचारणारच.