सभा आणि गाऱ्हाणं: पोरांच्या कार्टूनला 'वाद नको' ही अट कशाला?

रेघोट्या:
इथे अमेरिकेत मुलीला आठवीत पहिल्या घटनादुरुस्तीवर कार्टून काढायचं होतं, विषय एकत्र जमायचा हक्क आणि सरकारपुढे गाऱ्हाणं मांडायचा हक्क. शाळेची अट, कुठलाही वाद नको. अहो १७९१ पासून हे हक्क आहेतच मुळी वादासाठी, गोडगोड बोलायला हक्क कुणाला लागतो?
तिने काढलं ते असं, प्रतिनिधीगृहाचं दार, पत्र टाकायच्या फटीवर फळी ठोकलेली, खाली पाकिटांचा ढीग आणि टकलू म्हातारे जॉन क्विन्सी ॲडम्स एक पाकीट फळीखालून आत सरकवतायत. १८३६ ते १८४४ गुलामगिरीविरुद्धचे अर्ज सभागृहात चर्चेला घ्यायचेच नाहीत असा नियम होता आणि हा माजी राष्ट्राध्यक्ष वर्षानुवर्षं त्याच्याशी भांडत राहिला. फळीचे खिळे तिने इतक्यांदा खोडलेत की कागद तिथे पातळ झालाय. चित्र "वादग्रस्त" म्हणून परत आलं.

सरळमार्गी:
मी शिकवतो म्हणून दुसरी बाजू सांगतो. तेराव्या वर्षी पोरं बऱ्याचदा घरचंच राजकारण काढतात. शिवाय घटनेत शब्द आहे "शांततेने", आणि मोर्चा कधी, कुठे, कसा यावर सरकार वाजवी बंधनं घालू शकतं, हे कार्टूनमध्ये कुठे दिसतं? आणि १९८८ च्या हेझलवूड निकालात शाळेच्या वर्तमानपत्रातला मजकूर काढून टाकायचा शाळेचा अधिकार सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ३ ने मान्य केलाय.

निळी_शाई:
अधिकार आहे म्हणून वापरलाच पाहिजे असं थोडंच आहे सर. १९६९ चा टिंकर निकाल पण वाचा, व्हिएतनाम युद्धाविरुद्ध काळ्या पट्ट्या बांधून आलेली मुलं ७ विरुद्ध २ ने जिंकली. आणि जमावाचा हक्क म्हणाल तर २ मार्च १९६१ ला साउथ कॅरोलायनाच्या विधानभवनासमोर १८७ कृष्णवर्णीय विद्यार्थी भेदभावाविरुद्ध गाऱ्हाणं घेऊन गेले, पांगा म्हटल्यावर पांगले नाहीत, गाणी म्हटली, अटक झाली, शिक्षा झाली आणि १९६३ ला सुप्रीम कोर्टाने ८ विरुद्ध १ ने ती शिक्षा रद्द केली. त्यात शाळेतली पोरंही होती. त्यांना कुणी म्हटलं असतं का की घरचंच बोलताय म्हणून?

सरळमार्गी:
ते मान्य. पण मला मार्क द्यायचे असतात हो! मला न पटणाऱ्या चित्राला कमी दिले तर पक्षपात, जास्त दिले तर दुसरे पालक दारात. त्यापेक्षा मार्कच नकोत.

रेघोट्या:
मार्क नकोत हे मलाही चालेल, चित्र परत पाठवू नका एवढंच म्हणणं आहे. तिने काल मुख्याध्यापकांना निवेदन लिहिलंय, वर्गातल्या सतरा जणांच्या सह्या झाल्या, मी फक्त शुद्धलेखन पाहिलं.

सरळमार्गी:
माझ्याकडे आलं असतं तर पूर्ण वाचलं असतं आणि लेखी उत्तर दिलं असतं. चित्र भिंतीवर लावलं असतं का, ते अजून ठरत नाहीये.