सेकंड मेटच्या (जहाजावरचा अधिकारी व्हायची परीक्षा) ओरलमध्ये फंक्शन 1 ला (नेव्हिगेशनचा भाग) उडालो, गावात राहूनच तयारी जमन का?

कपाशीवाला_कॅडेट:
नमस्कार मंडळी. मी वणी तालुक्यातल्या खेड्यातला, दहावीपर्यंत मराठी मीडियम, बारावीनंतर आयएमयूची (मेरिटाइम युनिव्हर्सिटी) सीईटी देऊन डीएनएस (डेक कॅडेटचा डिप्लोमा) केलं अन् 18 महिन्यांचा सी टाइम (जहाजावरची ट्रेनिंग) बल्क कॅरियरवर (कोळशासारखा सुटा माल नेणारं जहाज) झाला. सेकंड मेटचे लेखी पेपर निघाले, ओरलमध्ये फंक्शन 2 अन् 3 पण निघाले. फंक्शन 1 मध्ये उडालो, अन् ते पण अशा प्रश्नावर की आठवलं तरी सोताच्याच कानाखाली द्यावी वाटते.

प्रश्न असा की तू वॉचवर आहे, धुकं आहे, अर्धा मैल दिसते, रडारवर स्टारबोर्ड बोवर (उजवीकडं पुढं) 8 मैलावर एक टार्गेट, सीपीए झिरो (म्हणजे असंच चाललं तं टक्करच), काय करशील. मी तडकाफडकी म्हटलं, ती माझ्या स्टारबोर्डले आहे म्हणजे मी गिव्ह वे व्हेसल (वाट देणारं जहाज), टक्कर टाळाच्या नियमांतला रूल 15. सरांनी येवढंच विचारलं, "ती तुला दिसते का?" मी म्हटलं नाही सर. मंग ते नुसते पाहत बसले माझ्याकडे. तिथंच समजाले पाहिजे होतं, पण मी अजून जोरात रूल 15 चं इंग्रजी धाडधाड म्हणून दाखवलं. झालं.

अन् गंमत पाहा, फंक्शन 2 मध्ये कोळशाचं विचारलं तं मी थांबतच नव्हतो. 55 डिग्रीच्या वर तापलेला कोळसा होल्डमध्ये घ्यायचा नाई, कार्बन मोनॉक्साइडचं रीडिंग घेत राहायचं, ते चढतच चाललं म्हणजे आतून तापून राहिला, मंग हवा द्यायची नाई, उलट हॅच अन् व्हेंटिलेटर बंद करायचे, अन् मिथेन सोडणारा कोळसा असन तं फक्त कोळशाच्या वरच्या थरावरून व्हेंटिलेशन द्यायचं. हे पाठ करा लागलंच नाई. आमच्या इकडं खाणीच्या बाजूनं कोळशाच्या ढिगातून धूर निघताना लहानपणापासून पाहिला, अन् जिनिंगमधली कापसाची गंजी आतून धुमसते तवा बाहेरून पांढरीशुभ्रच दिसते हे गावातल्या पोट्ट्यालेही ठाऊक राहते.

आता पुढचा अटेम्प्ट दीड महिन्यानं द्यायचा आहे. मुंबईत पुन्हा खोली करायची तं खर्च, इकडं कापूस वेचाले मजूर भेटून नाई राहिले, अन् हरभऱ्याले रात्रीची लाईन असल्यानं ओलीत मलेच करा लागते. एकट्यानं वाचलं की सगळं येते असं वाटते, समोर माणूस बसला की इंग्रजी गायब. गावात राहून जमन का? खरं सांगा, धीर द्यासाठी नका सांगू.

धुक्यातला_भोंगा:
अरे भाऊ, या एका प्रश्नावर जितकी पोरं पडतात तितकी सगळ्या ॲस्ट्रोवर (सूर्य-ताऱ्यांवरून जहाजाची जागा काढणं) मिळून पडत नसतील, मी पण पहिल्यांदा इथंच पडलो होतो म्हणून हक्काने लिहितो.

रूल 11 उघड, एकच ओळ आहे. रूल 12 ते 18 हे सगळे एकमेकांना डोळ्यांनी दिसणाऱ्या जहाजांसाठी. रडारवर दिसलं म्हणजे दिसलं नाही. त्यामुळे धुक्यात गिव्ह वे पण नाही आणि स्टँड ऑन (कोर्स-स्पीड तसाच धरणारं) पण नाही, रूल 19 मध्ये हे शब्दच सापडणार नाहीत तुला. दोघांनीही हलायचं. तू "मी गिव्ह वे" म्हणालास त्याचा अर्थ समोरच्या सरांना असा लागतो की समोरचं जहाज डावीकडे असतं तर हा पोरगा स्टँड ऑन म्हणून तसाच दामटत गेला असता. त्यांना तुझं उत्तर चुकल्याची भीती नाही वाटली, तुझा पुढचा वॉच दिसला त्यांना.

आता उत्तर कसं द्यायचं. टार्गेटवर उडी मारू नकोस, आधी धुकं आलंय ते सांग. मास्टरला कॉल केला, इंजिन रूमला कळवलं आणि इंजिन लगेच मॅन्युव्हर करता येईल असं तयार ठेवलं, स्पीड सेफ स्पीडवर आणला, फॉग सिग्नल चालू म्हणजे मेकिंग वे (पाण्यातून चालत) असताना जास्तीत जास्त 2 मिनिटांनी एक लांब भोंगा, जादा लुकआउट, हँड स्टिअरिंग, नेव्हिगेशन लाइट चालू. मग टार्गेट प्लॉट केलं, क्लोज क्वार्टर्स (धोक्याइतकं जवळ येणं) होतंय असं दिसलं, ते बीमच्या (जहाजाच्या मध्यापासून आडव्या काटकोनी रेषेच्या) पुढे आहे आणि मी त्याला ओव्हरटेक करत नाहीये म्हणून पोर्टला (डावीकडे) वळणं टाळणार, भरपूर आधी आणि भरपूर मोठं स्टारबोर्डला वळणार, म्हणजे त्याच्या रडारवर पण कळलं पाहिजे, 5-5 डिग्रीचे तुकडे नाहीत. आणि ते पूर्ण क्लिअर होईपर्यंत बघत राहणार.

इथे सर थांबत नाहीत हे लक्षात ठेव. पुढचा प्रश्न ठरलेला, तेच टार्गेट स्टारबोर्ड बीमवर किंवा बीमच्या मागे असेल तर? तेव्हा त्याच्याकडे वळायचं नाही, म्हणजे स्टारबोर्ड बंद. "धुक्यात नेहमी स्टारबोर्ड" असं पाठ करून गेलेले इथे पडतात. आणि त्याच्या पुढचा, बीमच्या पुढून कुणाचा तरी भोंगा ऐकू आला तर? तेव्हा नुसता कोर्स धरता येईल इतका कमीत कमी स्पीड, आणि गरज पडली तर जहाज पूर्ण थांबवायचं. कोलिजनचा धोका नाही हे आधीच नक्की झालं असेल तरच त्यातून सूट.

खामगावचा_थर्डमेट:
भाऊ मी पण झेडपीवाला. इंग्रजीचं टेन्शन घेऊ नको, ग्रामर चुकलं तर कोणी काही म्हणत नाही, शब्द चुकला की मेला. आयएमओनं (जहाजांची जागतिक संघटना) 2001 मध्ये एसएमसीपी म्हणून ठरलेली वाक्यं काढली ती आपल्यासारख्यांसाठीच समज, जगातल्या निम्म्या खलाशांची इंग्रजी आपल्यासारखीच आहे. हेल्म ऑर्डर, व्हीएचएफवरचं बोलणं, डिस्ट्रेस कॉल, हे त्यातल्या वाक्यात बस. रूल 5, 6, 7, 8 अन् 19 शब्दाला शब्द, बाकीचे स्वतःच्या वाक्यात चालते. लुकआउट सांगताना "बाय साइट" म्हणून थांबला अन् "हिअरिंग" विसरला तर मग बस.

मी काय केलं ते सांगतो. कार्डं केली, पुठ्ठ्याची, एका बाजूला प्रश्न देवनागरीत लिहिले अन् आईच्या हातात दिली. आई सातवी शिकलेली. ती भाजी निवडता निवडता कोणतंही कार्ड उचलून वाचायची, "दोन लाल दिवे एकावर एक, काय आहे?" अन् मी उभं राहून मोठ्यानं उत्तर द्यायचं, आधी इंग्रजीत मग तिला मराठीत समजावून. तिला समजलं नाही की ती दुसरं कार्ड घेतच नसे. कोणत्या क्लासमध्ये असा मास्तर भेटला नाही मले.

लाइटसाठी बहिणीच्या टिकल्या अन् पाटी. दोन लाल उभे म्हणजे नॉट अंडर कमांड (ताबा सुटलेलं). तेच दोन लाल अन् सोबत अँकर लाइट म्हणजे ग्राउंड झालेलं. तीन लाल, ड्राफ्टमुळे अडकलेलं. लाल पांढरा लाल, रॅम (चालू कामामुळे वाट सोडाले अडचण असलेलं). लालखाली पांढरा मासेमारीवाला पण ट्रॉलर नाही, ट्रॉलर म्हणजे हिरव्याखाली पांढरा. पांढऱ्याखाली लाल पायलट. दिवा लावताना तोंडानं हेही बोल की मला साइडलाइट दिसत नाही म्हणजे ते पाण्यातून चालत नसावं, किंवा अजून लांब आहे. सरांना हा "म्हणजे" ऐकायचा असतो.

बेलापूर_लोकल:
सगळं ठीक, पण भावनेच्या भरात पोराला गावात बसवू नका. ओरल म्हणजे माहोल असतो. इथे रोज कुणी ना कुणी देऊन येतं, संध्याकाळी चहाच्या टपरीवर आज कोणत्या सरांनी काय विचारलं ते कळतं, तसं रिव्हाइज करता येतं. गावात बसून हे कुठून मिळणार. निदान शेवटचे 15 दिवस तरी ये.

धुक्यातला_भोंगा:
टपरीवरच्या याद्यांनीच मी पडलो होतो दादा. अमुक सर लाइफबोट विचारतात म्हणून रात्रभर लाइफबोट केली, आकडे आजही झोपेत येतात, 4 पॅराशूट रॉकेट, 6 हँड फ्लेअर, 2 स्मोक, रॉकेट 300 मीटर वर जातं 40 सेकंद जळतं, आणि त्या दिवशी खुर्चीत दुसरेच सर. शेवटचे 8-10 दिवस ये याच्याशी मात्र सहमत, आदल्या रात्री वर्ध्याहून गाडीत बसून सकाळी थेट ओरलला जाऊ नकोस.

कपाशीवाला_कॅडेट:
@धुक्यातला_भोंगा दादा, "तुझा पुढचा वॉच दिसला त्यांना" हे वाचून दोन मिनिटं मोबाईल खाली ठेवला.
@खामगावचा_थर्डमेट आईले कार्डं दिली, पहिल्याच दिवशी म्हणते तुह्या जहाजाले येवढे दिवे कायले लागते, बिल कोण भरते 😄
एक अजून. ॲझिमथ (सूर्य-ताऱ्याची दिशा), कंपास एरर अन् तारे विचारले तं काय करू? जहाजावर सेकंड ऑफिसर साइट (सेक्स्टंटनं ताऱ्याची उंची मोजणं) घ्यायचे अन् मी नुसता टाइम लिहीत राहो.

निवृत्त_सेक्स्टंट:
कॅडेट, तू रात्री ओलिताला शेतात असतोस ना, मग मुंबईच्या पोरांपेक्षा तू नशीबवान आहेस, त्यांना पावसाळा संपला तरी चार तारे धड दिसत नाहीत. मी मूळचा आर्वीकडचा, आता पुण्यात असतो, इथेही तेच.

बारं बदलून झालं की बांधावर उभा राहा. सध्या नोव्हेंबरात संध्याकाळी सप्तर्षी दिसणार नाहीत, ते पहाटे वर येतात, म्हणून संध्याकाळी उत्तरेला शर्मिष्ठा शोध, इंग्रजी एम सारखी, त्यावरून ध्रुव. हात लांब करून मूठ धरली की साधारण 10 अंश. तुझ्याकडे ध्रुव क्षितिजापासून दोन मुठी, कारण वणी जवळपास 20 अंश उत्तर अक्षांशावर आहे. ध्रुवाची उंची म्हणजे ढोबळमानाने आपला अक्षांश हे पुस्तकात हजारदा वाचलं असशील, एकदा मुठीने मोज. मग सरांनी विचारलं की इक्वेटरच्या दक्षिणेला गेल्यावर ध्रुवाचं काय, तर आठवावं लागणार नाही.

नावं तुला येतात, फक्त दुसऱ्या भाषेत येतात. रोहिणी म्हणजे अल्डेबरान, अभिजित म्हणजे व्हेगा, श्रवण म्हणजे अल्टेअर, ब्रह्महृदय म्हणजे कॅपेला, व्याध सिरिअस, अगस्ती कनोपस. पहाटे सप्तर्षींच्या दांड्याची कमान तशीच पुढे वाढव, स्वाती म्हणजे आर्कट्युरस, आणखी पुढे चित्रा म्हणजे स्पायका. त्या दोन्ही क्षितिजावर यायला उजाडत आलेलं असतं, घाई करू नकोस.

दुपारचं पण एक काम. अंगणात ओळंब्याने सरळ काठी रोव आणि सावली सगळ्यात लहान कधी होते ते बघ. तुझा रेखांश साधारण 79 पूर्व, आपली घड्याळं 82 अंश 30 मिनिटांवर, म्हणजे सूर्य तुझ्याकडे 14 मिनिटं उशिरा यायला हवा. पण नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात इक्वेशन ऑफ टाइम (सूर्याच्या आणि घड्याळाच्या वेळेतला फरक) 16 मिनिटांच्या आसपास उलट्या बाजूने असतं, त्यामुळे सावली बाराच्या दोन मिनिटं आधीच सर्वात लहान होते. हे कागदावर स्वतः मांड, मेरिडियन पॅसेजचा (सूर्य आपल्या रेखांशावर येण्याचा) टाइम का बदलतो हे परत कधी विसरणार नाहीस. त्याच वेळी सावली बरोबर खरी उत्तर दाखवते, तिच्यावर साधा होकायंत्र ठेव आणि फरक बघ. तो फरक व्हेरिएशन. डेव्हिएशन (जवळच्या लोखंडामुळे पडणारा फरक) हवं असेल तर तोच होकायंत्र ट्रॅक्टरच्या बॉनेटवर ठेव.

बेलापूर_लोकल:
ट्रॅक्टरच्या बॉनेटवर 😂 बरं काका, मी माघार घेतो.

कपाशीवाला_कॅडेट:
अपडेट. ध्रुव दोन मुठीच भरला. होकायंत्र बॉनेटवर ठेवलं तं काटा असा फिरला की बाबा म्हणे बिघडलं का.

अन् काल रात्री आईनं धुक्याचं कार्ड उचललं. मी उभं राहून सगळं सांगितलं, मास्टर, इंजिन, भोंगा, प्लॉटिंग, स्टारबोर्ड, अन् शेवटी म्हटलं की आता समोरून भोंगा ऐकू आला. मी पुढचं वाक्य इंग्रजीत जुळवतच होतो तं आई मेथी निवडता निवडता म्हणते, "मंग थांबव ना बावा जहाज, दिसून नाई राहिलं तं कायले चालवतं?"

बरं कोणी हे सांगा, ओरलले युनिफॉर्म घालाचा का साधा फॉर्मल शर्ट चालते? मागच्या वेळी एकाचे बूट पाहून सर काहीतरी बोलले होते.

खामगावचा_थर्डमेट:
पांढरा शर्ट, काळी पँट, टाय, अन् बूट चपलेच्या दुकानातून आदल्या दिवशी नवे घेऊ नको, चावतात. टीएआर बुक (ट्रेनिंगची नोंदवही) अन् सीडीसी (खलाशाचं सरकारी पुस्तक) ओरिजिनल. अन् आईले सांग खामगावहून नमस्कार.