पुढच्या फोनमध्ये काय हवं? मला फक्त हाताने बदलता येणारी बॅटरी हवीय

सुटा_स्क्रू

नवीन फोन आला की तेच ते. कॅमेरा अजून थोडा चांगला, स्क्रीन अजून थोडी उजळ, आणि आता सगळीकडे एआय. पुढच्या फोनमध्ये काय यावं असं विचारलं की लोक तीन घड्यांची स्क्रीन, डिस्प्लेच्या आत लपलेला कॅमेरा असं काय काय सांगतात. माझी मागणी जुनीच आहे. मागचं झाकण नखाने उघडावं, बॅटरी काढावी, नवी टाकावी, झालं.

जुन्या फोनांचं प्रेम म्हणून नाही सांगत, साधा हिशोब आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये गूगलने पिक्सेल ८ ला ७ वर्षं अपडेट द्यायचं जाहीर केलं, जानेवारी २०२४ मध्ये सॅमसंगने गॅलॅक्सी एस२४ साठी तेच केलं. फार चांगलं झालं. पण लिथियम आयन बॅटरी ५०० ते १००० सायकल (एक सायकल म्हणजे पूर्ण क्षमतेएवढा वापर) झाल्या की मूळ क्षमतेच्या ८० टक्क्यांच्या आसपास येते, आणि रोज एक सायकल धरली तर १००० सायकलला तीन वर्षं पण लागत नाहीत. म्हणजे सॉफ्टवेअर सात वर्षं टिकणार आणि बॅटरी मध्येच दोनदा दम तोडणार. कंपन्यांनी सात वर्षांचा शब्द दिलाय ना, मग बॅटरी बदलायची सोय त्या शब्दातच आली पाहिजे.

वॉटरप्रूफिंगचं कारण कोणी सांगू नका. २०१४ चा गॅलॅक्सी एस५ आठवा, मागचं झाकण निघायचं, बॅटरी निघायची, आणि तरी आयपी६७ होतं, म्हणजे धूळ-पाणी आत न जाण्याचं रेटिंग.

पाचवा_मजला

असहमत. एस५ चं उदाहरण दरवेळी येतं पण अर्धंच सांगितलं जातं. त्याच्या चार्जिंग पोर्टवर एक फ्लॅप होता, तो नीट बंद केला आणि मागचं झाकण चारी बाजूंनी दाबून बसवलं तरच ते आयपी६७. एक कोपरा वर राहिला की पाणी आत. आणि झाकणाचं रबर सारखं उघडझाक करून सैल होतं ते वेगळंच.

दुसरं म्हणजे आतली बॅटरी ही मऊ फॉइलची पिशवी असते, लोकांच्या हातात द्यायची तर तिला कडक कवच लागतं नाहीतर किल्ली टोचली तरी पेट घेईल. त्या कवचाची जागा जाते म्हणजे तेवढी क्षमता जाते. शिवाय बाहेर मिळणाऱ्या नकली बॅटऱ्या, त्यांचं काय करणार? २०१६ मध्ये गॅलॅक्सी नोट ७ बॅटऱ्या पेटल्यामुळे परत घ्यावा लागला, तिथे तर खुद्द कंपनीनेच बसवलेल्या बॅटऱ्या होत्या.

मला विचाराल तर उत्तर मोठ्या बॅटरीत आहे. सिलिकॉन-कार्बन बॅटरी आलीय की आता. नेहमीच्या बॅटरीतला ग्रॅफाइटचा ॲनोड (चार्ज होताना लिथियम जिथे साठतं ते टोक) दर ग्रॅममागे ३७२ एमएएच धरतो, सिलिकॉन कागदावर ३६०० च्या आसपास. अर्थात प्रत्यक्षात मिश्रण वापरतात त्यामुळे दहापट वगैरे काही होत नाही, तरी त्याच जाडीत ७००० एमएएचचे फोन निघालेत. तुमचा रोजचा वापर ३५०० असेल तर दोन दिवसांत एक सायकल, तुमचाच १००० चा हिशोब लावा, साडेपाच वर्षं झाली. झाकण कशाला उघडायचंय मग?

सुटा_स्क्रू

@पाचवा_मजला साडेपाच वर्षांचा हिशोब ऐकायला बरा वाटतो पण बॅटरी फक्त सायकलने म्हातारी होत नाही, नुसती पडून राहिली तरी होते आणि उष्णतेने तर फारच लवकर. गेम खेळत चार्जिंग, गाडीच्या काचेमागे उन्हात लावलेला फोन, रात्रभर १०० टक्क्यांवर, या सगळ्याने तेच होतं. आणि सिलिकॉनची खरी अडचण तुम्ही सांगितलीच नाही, लिथियम आत शिरलं की ते तिपटीहून जास्त फुगतं, म्हणून तर कार्बनच्या सांगाड्यात घालून वापरावं लागतं. फोनमध्ये हे २०२३ पासून आलंय, ऑनरच्या मॅजिक ५ प्रो च्या चिनी आवृत्तीपासून. सात वर्षं वापरलेली अशी बॅटरी जगात कोणाकडेच नाहीये अजून, आणि जे अजून कोणी पाहिलं नाही त्याच्या भरवशावर झाकण सील करून टाकायचं हे मला पटत नाही.

कडक कवचाने जाडी वाढते, मान्य. पण सॅमसंगचाच २०२२ चा एक्सकव्हर६ प्रो बघा, बॅटरी हाताने निघते आणि आयपी६८ आहे, जाडी ९.९ मिमी. लोक एवढा बारीक फोन घेतात आणि वर जाड कव्हर चढवतात, मग ती जाडी फोनलाच दिली तर काय बिघडलं?

निळी_शाई

मी या वादात तिसऱ्याच बाजूने येतेय. मला दिसत नाही, फोन मी स्क्रीन रीडरवर (स्क्रीनवरचं मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) वापरते आणि हा प्रतिसादही तसाच लिहितेय.

भविष्यातल्या फोनची जी जी यादी वाचते त्यात "एकही बटण नसलेला फोन" हे हमखास असतं. सगळीकडून गुळगुळीत काच, पोर्ट नाही, बटण नाही. कृपा करून ही मागणी करू नका. २००९ मध्ये आयफोन ३जीएस मध्ये व्हॉइसओव्हर, म्हणजे ॲपलचा स्क्रीन रीडर, आलं तेव्हा आमच्यासाठी सपाट काच पहिल्यांदा वापरण्यासारखी झाली, त्याआधी टचस्क्रीन म्हणजे बंद दार होतं. पण तेव्हाही होम बटण होतं, बोटाला कळायचं फोन कुठून सुरू होतो. फिंगरप्रिंट सेन्सर पाठीवर किंवा बाजूच्या बटणात होता तोवर एका क्षणात सापडायचा, आता डिस्प्लेखाली गेला तर काचेवर त्याची जागा बोटाने चाचपडून शोधायची, आणि दोन-तीनदा चुकलं की पिन टाका, तोही मोठ्याने वाचला जाणार, शेजारी लोक असताना.

मला भविष्यातल्या फोनमध्ये हवंय ते हे: सेन्सरच्या जागी काचेवर एक बारीकसा उंचवटा, आवाजाची दोन बटणं स्पर्शाने वेगळी कळणारी, आणि एक बटण मला पाहिजे ते काम लावता येईल असं. यातलं एकही संशोधनावाचून अडलेलं नाहीये. बॅटरीबद्दल म्हणाल तर झाकण-बॅटरी आम्हालाही चालेल, हाताने कळणारी गोष्ट आहे ती. सुटा_स्क्रू यांच्या बाजूने एक मत धरा.

रानवारा

निळी_शाई ताई, +१. उंचवट्याची गोष्ट इतकी साधी आहे की कोणी का करत नाही तेच कळत नाही.

माझी मागणी सॅटेलाइट. डोंगरात, समुद्रात जिथे टॉवर नाही तिथे साधा मेसेज गेला पाहिजे, आणि तो प्रत्येक फोनमधून, फक्त महागड्या नाही. आयफोन १४ मध्ये नोव्हेंबर २०२२ पासून इमर्जन्सी मेसेज जायला लागला, हुआवेने २०२३ मध्ये मेट ६० प्रो वरून सॅटेलाइट कॉल दाखवला, २०२५ मध्ये अमेरिकेत टी-मोबाइल कंपनीने स्टारलिंकच्या सॅटेलाइटवरून मेसेज सुरू केले आणि ते नेहमीच्या फोनवर चालतात, वेगळा अँटेना नाही. म्हणजे जमतंय. जीव वाचवणारी गोष्ट आहे, बॅटरीच्या झाकणापेक्षा हजारपट महत्त्वाची असं मला वाटतं.

कुंपण

@रानवारा जमतंय पण कितपत जमतंय ते पण बघा. फोनची ताकद जेमतेम काही दशांश वॅट, आणि सॅटेलाइट बहुतेक वेळा काहीशे ते दीड हजार किलोमीटर वर, तेही सेकंदाला सात-साडेसात किलोमीटर वेगाने पळणारं. त्यामुळे फ्रिक्वेन्सी सारखी सरकत राहते, ती सावरावी लागते. उघडं आकाश हवं, दाट झाडी किंवा घळ असेल तर मेसेजला मिनिटं लागतात, छताखाली तर विसराच. लोकांना वाटेल आता आपण कुठेही सुरक्षित, आणि तयारीशिवाय निघतील, ही भीती मला खरी वाटते. शिवाय काही देशांत परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन बाळगणं गुन्हा आहे, तिथे प्रत्येक फोनमध्ये हे कसं देणार?

मला स्वतःला यापेक्षा प्रायव्हसीचं बटण हवं. खरं बटण, माइक आणि कॅमेऱ्याची वीजच तोडणारं. प्युरिझम कंपनीच्या लिब्रेम ५ फोनला अशी तीन आहेत, कॅमेरा-माइक, वायफाय-ब्लूटूथ आणि मोबाइल नेटवर्क, आणि तिन्ही बंद केली की जीपीएस आणि हालचालीचे सेन्सरही बंद होतात. ते शेवटचं मुद्दाम केलंय, कारण जायरोस्कोपवरून (फोन कसा फिरतो ते ओळखणाऱ्या सेन्सरवरून) बोलण्याचा काही भाग ओळखता येतो हे २०१४ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी दाखवलं होतं.

पाचवा_मजला

@कुंपण अँड्रॉइड १२ पासून, म्हणजे २०२१ पासून, माइक-कॅमेरा बंद करायचे टॉगल आहेतच, ते चालू असले की हिरवा ठिपका पण दिसतो. बटणासाठी अजून एक भोक पाडायचं, धूळ-पाण्याला अजून एक वाट. आणि माहिती काय फक्त माइकमधून जाते का? लोकेशन आपण स्वतः परवानगी देऊन वाटतो, कॉन्टॅक्ट लिस्ट देतो. बटण दाबून लोक निश्चिंत होतील आणि खरी गळती चालूच राहील.

कुंपण

टॉगल सॉफ्टवेअरचा आहे, ज्या दिवशी सॉफ्टवेअरच कोणी ताब्यात घेतलं त्या दिवशी टॉगल पण त्याचाच. पेगासससारखा स्पायवेअर नेमकं तेच करतो. पत्रकाराला, वकिलाला, घरात कोणीतरी पाळत ठेवतंय अशा बाईला ठिपका पुरत नाही. बाकी गळती आहे म्हणून ही पण राहू द्या, हे काय उत्तर झालं?

तिसरी_घंटा

छोटा फोन. बस. एका हाताने वरचा कोपरा गाठता यावा. २०२१ चा आयफोन १३ मिनी ५.४ इंचाचा होता, त्यानंतर ॲपलने मिनी काढलाच नाही. लहान हात असलेल्या लोकांनी काय करायचं?

पाचवा_मजला

छोटा फोन मागणारे खूप, घेणारे कमी, म्हणून बंद झाला. सुटा_स्क्रू यांच्या बॅटरीचं पण तेच होणार असं माझं स्पष्ट मत आहे. युरोपचा कायदा येतोय म्हणून बरेच जण खूष आहेत, १८ फेब्रुवारी २०२७ पासून बॅटरी वापरणाऱ्याला काढता-घालता आली पाहिजे म्हणून. पण फोनसाठी युरोपचे वेगळे इकोडिझाइन (वस्तू टिकाऊ आणि दुरुस्त करता येईल अशी बनवायचे) नियम २० जून २०२५ पासून लागू आहेत, त्यात वाट ठेवलीय. बॅटरी १००० सायकलनंतर ८० टक्के राहत असेल आणि फोन धूळ-पाण्याला पक्का असेल तर ती घरच्या घरी बदलता यायची सक्ती नाही. कंपन्या त्याच वाटेने जाणार. आणि त्यात वाईट काय आहे? बॅटरी टिकते, फोन पाण्यात टिकतो, यापेक्षा जास्त काय पाहिजे?

सुटा_स्क्रू

त्या सवलतीचा पुढचा भाग पण सांगा ना. सवलत मिळाली तरी दुरुस्ती करणाऱ्याला बॅटरी बदलता आलीच पाहिजे, आणि सुटे भाग मॉडेल बंद झाल्यावरही ७ वर्षं मिळाले पाहिजेत असं त्याच नियमात आहे. मी झाकणाचा आग्रह धरतो पण हे किमान सगळ्या जगात लागू झालं तरी खूप झालं.

आणि "घरी जमणार नाही" हे कारण तर रोज कमी होतंय. आयफोन १६ मध्ये बॅटरीचा गोंद असा आहे की ९ व्होल्टची साधी बॅटरी लावली की एक-दीड मिनिटात सुटतो. हीटगन नाही, पत्र्याने खरवडणं नाही, बॅटरीला भोक पडायची भीती नाही. गोंदाची अडचण सुटली, राहिला प्रश्न फोन उघडण्याचा.

पण खरा राग मला दुसऱ्याच गोष्टीचा आहे. एका कंपनीच्या फोनमध्ये मी चांगली, तशाच फोनमधून काढलेली अस्सल बॅटरी बसवून घेतली, तर फोन म्हणतो अनोळखी भाग, आणि बॅटरीची तब्येत दाखवायचंच बंद. वस्तू माझी, बॅटरी अस्सल, काम नीट झालेलं, तरी सॉफ्टवेअर नाही म्हणणार. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याने २०२४ च्या कायद्यात हे पार्ट्स पेअरिंग नव्या फोनांसाठी बंद केलं. झाकण कितीही सहज उघडू द्या, हे कुलूप राहिलं तर उपयोग शून्य.

निळी_शाई

हे माझ्या बाबतीतही होतं. स्क्रीन बदलली की काही फोनांवर फिंगरप्रिंट बंद पडतो. डोळ्यांनी बघून फोन चेहऱ्यासमोर धरता येत नाही तेव्हा फेस अनलॉक पण नीट लागत नाही, म्हणजे राहतो पिनच. दुरुस्तीचा मुद्दा फक्त पैसे वाचवायचा नाहीये एवढंच सांगायचं होतं.

पाचवा_मजला

पेअरिंगला माझाही विरोध आहे, तिथे वाद नाही. मात्र चोरीच्या फोनांचे भाग विकले जाऊ नयेत म्हणून काहीतरी तपासणी हवी, ती मालकाने मोकळी करता यावी.

सुटा_स्क्रू

चालेल. मालकाच्या हातात किल्ली असेल तर तपासणीला हरकत नाही.

आता पुढची मागणी, बॅटरीचे दोन-चार आकार ठरवून टाका. रिमोटचा सेल कुठल्याही कंपनीचा चालतो तसं. २८ डिसेंबर २०२४ पासून युरोपात सगळ्या नव्या फोनांना यूएसबी-सी झालंच ना, त्याआधी किती वर्षं ऐकत होतो की एकच पोर्ट केलं तर संशोधन थांबेल.

पाचवा_मजला

पोर्ट आणि बॅटरीत फरक आहे. पोर्ट फोनचा एक कोपरा आहे, बॅटरीभोवती अख्खा फोन रचतात. एल आकाराच्या, दोन तुकड्यांच्या, घडीच्या फोनात दोन बाजूंना दोन. २०१४ ला आकार आणि व्होल्टेज ठरवून टाकलं असतं तर सिलिकॉनवाल्या बॅटऱ्या त्यात बसल्या असत्या का? त्या जास्त खालच्या व्होल्टेजपर्यंत उतरतात, फोनचं सर्किट तसंच बनवावं लागतं. माझ्या मते आकार ठरवणं चुकीचंच आहे.

सुटा_स्क्रू

मग आकार राहू द्या. पण कनेक्टर आणि बॅटरीने फोनला द्यायची माहिती, म्हणजे किती सायकल झाल्या, कधी बनली, किती व्होल्टपर्यंत उतरायचं, हे तरी सगळ्यांचं एक करा. आयफोन १५ पासून सायकलचा आकडा सेटिंगमध्ये दिसतो, म्हणजे माहिती आत असतेच. ती एका ठरलेल्या भाषेत असली की सर्किट स्वतःच जुळवून घेईल, आणि कुठलीही चांगली कंपनी त्या फोनसाठी बॅटरी बनवू शकेल. याला तांत्रिक अडचण कोणती ते सांगा.

पाचवा_मजला

सर्किट स्वतः जुळवून घेईल हे इतकं सोपं नाही, चार्जिंगचा वेग प्रत्येक सेलच्या बनावटीनुसार ठरवतात, आणि १०० वॅटला चूक झाली तर फोन तापतो. मंद चार्जिंगपुरतं मात्र तुम्ही म्हणता ते होऊ शकतं. दुसऱ्या कंपनीची बॅटरी टाकली तर फास्ट चार्जिंग बंद, अशी अट मान्य आहे का तुम्हाला?

सुटा_स्क्रू

पहिल्या दिवसापासून मान्य आहे.

तिसरी_घंटा

मला नाही मान्य. फास्ट चार्जिंग गेलं तर रोज सकाळी निघताना काय करायचं?