गच्चीची किल्ली कुणाकडे आहे?

ग्रुप: सोसायटी (फक्त कामाचे मेसेज), परभणी

सोमवार, ११ मे

सोळंके वहिनी १०२ (स. ७:४२): लिफ्टमध्ये कागद कुणी चिकटवलाय? "सौर ऊर्जा प्रकल्प, प्रति फ्लॅट २०,००० रु., १५ तारखेपर्यंत जमा करावेत." मीटिंग कधी झाली? आम्हाला तर कुणी बोलावलं नाही.

सोळंके वहिनी १०२: आणि आम्ही लिफ्ट वापरत नाही हे आठ वर्षांपासून सांगायलोय.

राहुल ५०३: लिफ्ट वापरत नाही तर लिफ्टमधला कागद कसा दिसला वहिनी 😄

सोळंके वहिनी १०२: गॅसची टाकी वर न्यायची होती. तुमचं हसणं तुमच्यापाशी ठेवा.

देशपांडे काकू ६०३ (स. ७:५५): गच्चीची किल्ली कुणाकडे आहे? माझ्या कुरडया वर आहेत, काल सकाळी घातल्यात.

सचिव गायकवाड सर २०४ (स. ८:१०): सर्वांना नमस्कार 🙏 कृपया गैरसमज नसावा. एप्रिलचं कॉमन मीटरचं बिल १५,८६० रु. आलं आहे. युनिट ९४०. लिफ्ट, बोअरची मोटर, जिना, पार्किंग सगळं एकाच मीटरवर, त्यामुळे पाचशेच्या वरचा टप्पा लागतो. पंतप्रधान सूर्यघर योजनेत सोसायटीला कॉमन वापरासाठी किलोवॉटमागे १८,००० रु. अनुदान आहे. आपण ८ किलोवॉट बसवणार. कोटेशन ४,७२,०००. अनुदान १,४४,०००. कार्यकारिणीचा निर्णय झालेला आहे.

सोळंके वहिनी १०२: कार्यकारिणी म्हणजे तुम्ही आन अध्यक्ष. दोघांचा निर्णय.

बोराडे ४०४: सर एक मिनिट. माझ्या साडूला सेलूत ७८ हजार मिळाले. त्याचं एकट्याचं घर. आपण २४ घरं आन किलोवॉटला फक्त १८? बाकीचे कुठं गेले?

अध्यक्ष देशमुख साहेब ६०१ (स. ८:२६): बोराडे, बोलताना विचार करून बोलावे. "कुठे गेले" याचा अर्थ काय?

बोराडे ४०४: अर्थ काही नाही साहेब. विचारायलोय.

अध्यक्ष देशमुख साहेब ६०१: विचारणाऱ्यांनी आधी ७ महिन्यांचा मेंटेनन्स भरावा.

बोराडे ४०४: ६ महिने. नोव्हेंबरचा रोख दिलाय, पावती अजून नाही.

देशपांडे काकू ६०३: गच्चीची किल्ली कुणाकडे आहे?

कुलकर्णी काका ३०३ (स. ९:०२): आता चहा झाला, वाचलं सगळं. तीस वर्षं वीज खात्यात काढली म्हणून चार शब्द. बोराडे, तुमचे साडू बरोबर आन गायकवाड सरही बरोबर. स्वतःच्या घराच्या मीटरवर लावलं तर १ किलोवॉटला ३० हजार, २ ला ६०, आणि ३ किंवा त्यावर कितीही लावा, ७८ हजारावर थांबतं. सोसायटीच्या कॉमन मीटरचा हिशोब वेगळा, तिथं किलोवॉटला १८ हजार. यात कुणी काही खाल्लेलं नाही. निदान इथं तरी नाही.

अध्यक्ष देशमुख साहेब ६०१: "निदान इथं तरी" म्हणजे?

कुलकर्णी काका ३०३: बोलायची पद्धत आहे साहेब.

सोळंके वहिनी १०२: मग अनुदान वजा करून मागा ना. ४,७२,००० मधून १,४४,००० गेले तर ३,२८,०००. भागिले २४, १३,६६६ होतात. वीस हजार कशाला?

कुलकर्णी काका ३०३: वहिनींचा भागाकार चोख. पण अनुदान आधी येत नाही. आधी आपण पूर्ण पैसे घालायचे, पॅनल बसवायचे, नेट मीटर (घेतलेली आन दिलेली वीज मोजणारा) लागायचा, महावितरणची तपासणी व्हायची, आणि मग पैसे थेट खात्यात येतात. "आत्ताच वजा करून देतो" असं कुणी म्हणला तर त्याला चहा पाजून वाटं लावा.

राहुल ५०३: आणि अर्जाला पैसे लागत नाहीत. मागच्या महिन्यात एकजण आमच्या बाबांकडून "रजिस्ट्रेशन"चे १,५०० घेऊन गेला. आधार आणि लाईट बिलाचा फोटोपण. अर्ज राष्ट्रीय पोर्टलवर फुकट असतो.

बोराडे ४०४: लाईट गेली की लिफ्ट चालंल ना? तेवढं असलं तर म्या आजच भरतो.

कुलकर्णी काका ३०३: नाही चालणार.

बोराडे ४०४: दिवसा ऊन असलं तरी?

कुलकर्णी काका ३०३: तरी नाही. ग्रीडला, म्हणजे महावितरणच्या लाईनला जोडलेलं सोलर लाईट गेली की आपोआप बंद पडतं. तसं केलंय ते मुद्दाम. लाईनमन खांबावर चढलेला असताना आपल्या गच्चीवरून तारेत करंट गेला तर तो मरेल. मी खांबावर चढलेला माणूस आहे, मला विचारा. बॅटरी हवी असेल तर तिचा खर्च वेगळा.

बोराडे ४०४: मग काय उपयोग.

राहुल ५०३: उपयोग बिल कमी व्हायचा. जगात जर्मनी, भारतात परभणी. त्या जर्मनीत ऊन आपल्या निम्म्याच्या आसपास, तरी लाखो घरांवर पॅनल आहेत. आपण ४४ डिग्रीत भाजूनपण महिन्याला १५ हजार भरायलोत.

वाघमारे सर ३०१ (स. ९:४०): विद्यापीठात रोज तापमानाची पाटी बघतो म्हणून सांगतो. ऊन आणि उष्णता एक नव्हे. पॅनलची क्षमता २५ अंशांवर मोजलेली असते. त्यावर दर अंशाला ०.३ ते ०.४ टक्के वीज घटते. मेमध्ये पॅनल ६५ अंशांवर गेलं की १२ ते १६ टक्के तिथंच गेले. शिवाय धूळ. धुवायला पाणी कुठून आणणार? बोअरचं पाणी मारलं तर क्षाराचे डाग पडतात.

सोळंके वहिनी १०२: धुवायला प्यायचं पाणी द्यायचं का आता?

देशपांडे काकू ६०३: अहो कुणीतरी सांगा. गच्चीची किल्ली कुणाकडे आहे?

सोळंके वहिनी १०२: अगं वाच ग्रुपवर, अध्यक्षाला कसं सुनावलंय. त्याच्या मेव्हण्याचंच दुकान हाय सोलरचं

हा मेसेज डिलीट करण्यात आला.

राहुल ५०३: वाचलं वहिनी.

बोराडे ४०४: मीपण.

अध्यक्ष देशमुख साहेब ६०१ (स. १०:०५): मेव्हणा नाही. मेव्हण्याचा मित्र आहे. स्वस्तात करून देतो म्हणाला म्हणून सोसायटीच्या हितासाठी बोललो. आठ वर्षं फुकट काम करतोय, त्याचं हे फळ. कुणाला अध्यक्ष व्हायचं असेल तर आजच या, सही करून देतो.

सचिव गायकवाड सर २०४: साहेब, असं करू नका. सर्वांनी संयम ठेवावा 🙏

पठाण भाई ४०२ (स. ११:१५): सलाम. दुकानावर होतो. एक बोलू का, राग नका धरू. ९४० युनिट लिफ्ट खात नाही, ती बोअरची ५ एचपीची मोटर खाते. तीन वेळा वायंडिंग माझ्याकडंच भरून गेलीय. भरलेली मोटर नव्यासारखी ऱ्हात नाही, जास्त ओढते, तापते. माझं पोट त्याच्यावर चालतं तरी सांगायलो. दुसरं, वरच्या टाकीचा बॉल कॉक तुटलेला. टाकी भरून वाहते आन मोटर चालूच.

पठाण भाई ४०२: पार्किंगच्या ट्यूब अजून जुन्या चोकवाल्या. ४० ची ट्यूब, वर चोकचे दहा-बारा वॅट. २० वॅटची एलईडी जवळपास तेवढाच उजेड देते. आधी हे करा, मग कळंल ८ किलोवॉट लागतात का ५.

वाघमारे सर ३०१: पठाण भाई, लाख बोललात.

सचिव गायकवाड सर २०४: मोटर बदलायला अनुदान आहे का?

कुलकर्णी काका ३०३: आपल्यासारख्याला नाही. सोलरला आहे, मोटरला नाही, पंख्यालाही नाही. २०१५ ला उजाला योजनेत एलईडी बल्ब स्वस्त दिले होते, ते आठवतं. आता स्टार बघून स्वतःच्या पैशानं घ्यायचं. माझ्या घरी तीन बीएलडीसी पंखे लावले. साधा ७५ वॅट ओढतो, हा ३० च्या आसपास. कूलर रात्रभर तसाही चालतोच, निदान पंखा तरी कमी खावा.

राहुल ५०३: म्हणजे वीज वाचवली तर काही नाही, बनवली तर पैसे. वा.

देशपांडे काकू ६०३ (दु. १२:२०): सोलर लावा नाहीतर लावू नका, आमच्या स्लॅबचं काहीतरी करा. रात्री बारापर्यंत छत हाताला भाजतं. ह्यांचं बीपी वाढलंय. मागं चुना मारू म्हणला होतात, त्याचं काय झालं? आणि किल्ली?

वाघमारे सर ३०१: काकू, चुन्याला आपल्याकडं अनुदान नाही पण खर्चही फारसा नाही. शेजारच्या तेलंगणानं २०२३ ला कूल रूफचं धोरणच काढलं. पांढऱ्या गच्चीनं फरक पडतो. आणि पॅनल बसले तर त्यांच्या सावलीनं तेवढा स्लॅब गार राहतो, हाही फायदा धरा.

देशपांडे काकू ६०३: मग कुरडया कुठं घालायच्या?

अध्यक्ष देशमुख साहेब ६०१ (दु. १२:४८): विषय निघालाच आहे तर सांगतो. सोसायटीला नको असेल तर हरकत नाही. मी माझ्या घरापुरते ३ किलोवॉट गच्चीवर लावणार आहे. ७८ हजार मला मिळतील. फक्त सोसायटीचं ना हरकत पत्र हवं.

सोळंके वहिनी १०२: आता कळलं.

बोराडे ४०४: गच्ची सगळ्यांची हाय साहेब.

कुलकर्णी काका ३०३: किलोवॉटला शंभर फूट धरा. तीनला तीनशे. टाकी आन लिफ्टची खोली सोडली तर गच्चीवर दोन हजार फूट राहते. सहा-सात घरांचं भागलं की संपली गच्ची. उरलेल्या सतरा घरांनी काय हात दाखवायचे सूर्याला? म्हणून कॉमनच बरं. फक्त नीट करा.

कुलकर्णी काका ३०३: गायकवाड सर, कोटेशन टाका ग्रुपवर. आणि कॉमन मीटरचं बिलपण. दोन्ही.

सचिव गायकवाड सर २०४ (दु. १:३०): [फोटो] [फोटो]

कुलकर्णी काका ३०३ (दु. १:५२): चष्मा लावून वाचलं.
पॅनलपुढं डीसीआर (म्हणजे देशी बनावटीचं) लिहिलेलं नाही. अनुदानाला देशात बनलेल्या सेलचे, देशात बनलेले पॅनल लागतात. नसतील तर एक रुपया येत नाही.
पॅनलवर जीएसटी १२ टक्के धरलाय. तो गेल्या सप्टेंबरच्या २२ तारखेपासून ५ आहे.
आणि बिलावरचं नाव वाचा कुणीतरी. मोठ्यानं वाचा.

राहुल ५०३: बिल्डरचं नाव आहे.

सोळंके वहिनी १०२: काय??

कुलकर्णी काका ३०३: आठ वर्षं आपण त्याच्या नावानं बिल भरायलोत. अर्ज सोसायटीच्या नावानं करायचा, पैसे सोसायटीच्या खात्यात यायचे, आन मीटर त्याच्या नावावर. कसं जमणार? आधी नाव बदलून घ्या. मी २०२१ च्या सभेत बोललो होतो, इतिवृत्तात असेल.

सचिव गायकवाड सर २०४: इतिवृत्ताचं रजिस्टर आधीच्या सचिवांकडे राहिलं आहे. ते पुण्याला गेले.

बोराडे ४०४: 🙏🙏🙏

वाघमारे सर ३०१: कोटेशनवर तारीख २ मे आहे. मग काल रविवारी तो टेप घेऊन आलेला मुलगा कोण होता? मी पार्किंगमध्ये बघितलं. आधी आकडा, मग माप?

अध्यक्ष देशमुख साहेब ६०१: तो फक्त बघायला आला होता.

देशपांडे काकू ६०३: त्याला वर कुणी नेलं?

अध्यक्ष देशमुख साहेब ६०१ (दु. २:१५): मी कुलूप काढून दिलं. मला लग्नाला मानवतला जायचं होतं. त्याला म्हणलं लावून जा.

देशपांडे काकू ६०३: आणि किल्ली?

देशपांडे काकू ६०३: देशमुख साहेब, किल्ली?

अध्यक्ष देशमुख साहेब ६०१ (दु. ३:४०): फोन लागला. किल्ली त्याच्या खिशात गेली. तो आज जिंतूरच्या साईटवर आहे. उद्या दुपारपर्यंत आणून देतो म्हणाला.

राहुल ५०३ (दु. ४:२०): आभाळ भरून आलंय. वसमतच्या बाजूला विजा दिसायल्यात.

देशपांडे काकू ६०३: अहो पाच किलो गव्हाच्या आहेत. तीन दिवस चीक काढलाय. लेकीला द्यायच्या होत्या.

पठाण भाई ४०२: काकू थांबा. पोराला हातोडी घेऊन पाठवायलो. कुलूप तोडतो.

अध्यक्ष देशमुख साहेब ६०१: कुलूप सोसायटीच्या मालकीचं आहे. असं परस्पर तोडता येत नाही. ठराव लागेल.

कुलकर्णी काका ३०३: साहेब, वीस हजाराला ठराव नव्हता.

पठाण भाई ४०२ (दु. ४:३१): तोडलं.

राहुल ५०३: मीपण वर आहे. पाटी, चादर, सगळं खाली आणायलोय. टपोरे थेंब सुरू झाले.

देशपांडे काकू ६०३ (संध्या. ५:०५): अर्ध्या वाचल्या. कडेच्या भिजल्या. पठाण भाई, राहुल, सगळ्यांना वाटून देते, तळून खा आजच.

बोराडे ४०४: काकू ४०४ ला विसरू नका.

सचिव गायकवाड सर २०४ (संध्या. ५:३०): सर्वांना कळविण्यात येते की लिफ्टमधील नोटीस तूर्त काढण्यात आली आहे. मीटरच्या नावबदलाचा अर्ज या आठवड्यात देऊ. बिल्डरच्या सहीसाठी कुलकर्णी काका सोबत येतील. पठाण भाई मोटर आणि बॉल कॉकचा अंदाज देतील. गच्चीला नवीन कुलूप उद्या लावू, तीन किल्ल्या करू 🙏

सोळंके वहिनी १०२ (संध्या. ५:३४): नवीन कुलपाचे पैसे कोण देणार? आम्ही गच्ची वापरत नाही.