दीराच्या डोळ्याचं ऑपरेशन थांबवायचं का? (तातडीचं)

मृणाल:
नमस्कार मंडळी, दीराच्या पायाच्या जखमेबद्दल मागे विचारलं होतं, आता वेगळंच निघालंय. त्वचेच्या नवीन डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदाच सगळं एकत्र बघितलं. वय ३४, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, शुगर, विशीतच पिकलेले केस, बारीक घोगरा आवाज, घोट्यावर दोन वर्षं न भरणारी जखम. म्हणाल्या वर्नर सिंड्रोम असू शकतो, म्हणजे तरुणपणीच म्हातारपण आणणारा दुर्मिळ आनुवंशिक आजार, जेनेटिक टेस्ट करा. इतकी वर्षं शुगरवाले शुगर बघत होते आणि जखमवाले जखम. आता अडचण अशी की सोमवारी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन आहे आणि टेस्टचा रिपोर्ट यायला कित्येक आठवडे लागतील. सासूबाई म्हणतात तोवर डोळ्याला हात लावू द्यायचा नाही, नवरा म्हणतो तारीख सोडली की गेली. आणि यातला स्पेशालिस्ट म्हणजे नेमका कोण शोधायचा?

शरदकाका:
मृणाल, हा प्रोजेरियाच ना? लहान मुलं म्हातारी दिसतात तो. त्यावर २०२० मध्ये अमेरिकेत लोनाफार्निब नावाच्या औषधाला मान्यता मिळाली, ते मागून घ्या. ऑपरेशन मात्र थांबवा, आधीची जखम भरत नसताना नवीन चीर कशाला?

दिलीप:
आरोग्याचे प्रश्न आधी माझ्याकडे पाठवायचे असं ठरलंय. त्या गुडघ्याच्या तेलावरून केवढं झालं ते सगळ्यांना आठवत असेल. मृणाल, तुझी काळजी समजते, पण औषधांची नावं अशी सरळ लिस्टवर नकोत.

अनघा:
दिलीपदादा, सोमवार जवळ आलाय, म्हणून इथेच लिहिते. काका, तुम्ही म्हणता तो हचिन्सन-गिलफोर्ड प्रोजेरिया, तो पहिल्या एक-दोन वर्षांतच दिसायला लागतो आणि बहुतेक वेळा आईवडिलांकडून येतच नाही, एलएमएनए जीनमध्ये नव्यानेच बदल होतो. लोनाफार्निब त्याच्यासाठी आहे, वर्नरसाठी नाही. वर्नरचा जीन वेगळा, डब्ल्यूआरएन, आठव्या क्रोमोसोमवरचा, १९९६ मध्ये सापडलेला. त्यातून बनणारं प्रोटीन डीएनएचा पीळ सोडवतं आणि दुरुस्तीला हातभार लावतं, ते नसलं की पेशी फार थोड्या वेळा विभागून थांबतात. मूल दहा-बारा वर्षांचं होईपर्यंत कुणाला शंकाही येत नाही, मग वयात येताना जी उंची झपाट्याने वाढते ती वाढतच नाही. मृणाल, दीर शाळेत शेवटी शेवटी सगळ्यांत बुटका होता का? जुने फोटो काढून ठेव, डॉक्टर नक्की मागतील.

वैशाली:
डोळ्यांच्या विभागात मी अकरा वर्षं नर्स होते म्हणून बोलते. काकांची भीती अगदीच चुकीची नाही, या आजारात पूर्वी मोठी चीर देऊन ऑपरेशन केल्यावर टाके उसवायचे. आता चीर अगदी लहान असते, त्यामुळे तो धोका पुष्कळ कमी झालाय. म्हणून रद्द करू नका, पण सर्जनला आजच फोन करून वर्नरचा संशय सांगा, सोमवारी टेबलावर नको. नंतर पडद्याला सूज येते का तेही ते जपून बघतील. आणि ज्यांच्यावरून हे नाव पडलं त्या ऑटो वर्नरनी १९०४ मध्ये जर्मनीत कील इथे जो प्रबंध लिहिला तो चार सख्ख्या भावंडांच्या मोतीबिंदूवरच होता, त्यामुळे डोळ्याच्या डॉक्टरला हे नाव माहीत असायलाच हवं.

शरदकाका:
वैशाली, माझ्या मेव्हण्याचा मोतीबिंदू चाळिशीतच झाला होता, त्याला तर काहीच नव्हतं.

वैशाली:
काका, एकट्या मोतीबिंदूवरून कुणीच म्हणत नाहीये. सगळं एकत्र आहे, म्हणून.

अनघा:
स्पेशालिस्टचं राहिलं. मेडिकल जेनेटिक्सचं क्लिनिक शोधा, त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडूनच चिठ्ठी घ्या. अनुभव असलेले डॉक्टर फार थोडे, पण अमेरिकेत सिअ‍ॅटलला वॉशिंग्टन विद्यापीठात वर्नरच्या पेशंटची नोंद ठेवणारी आंतरराष्ट्रीय रजिस्ट्री आहे, तुमचे डॉक्टर तिथे लिहून विचारू शकतात. जपानमध्ये पेशंट जास्त, त्यामुळे तिथेही बराच अभ्यास झालाय. मूळ दोषावर औषध नाही, पण शुगर, कोलेस्टेरॉल, हाडं यांवर उपचार आहेत, आणि कॅन्सरसाठी दरवर्षी तपासणी हवी, कारण तो आणि हृदयविकार हेच दोन मोठे धोके. सिगरेट असेल तर आजच बंद. सासूसासरे नात्यातले आहेत का ते डॉक्टर विचारतील, राग मानू नका, सदोष जीन दोघांकडून एकेक यावा लागतो. सख्ख्या भावंडात चारात एक शक्यता असते, तुझ्या नवऱ्याला लक्षणं नाहीत तरी तो वाहक, म्हणजे एकच सदोष जीन असलेला, असू शकतो. तुमच्या मुलांना हा आजार व्हायचा तर तूही वाहक असावी लागशील, म्हणून रात्रीची झोप घालवू नकोस.

दिलीप:
क्लिनिकची यादी माझ्याकडे आहे, जेनेटिक्सची दोन नावं मृणालला वेगळी पाठवतो. फोन मीच करून ठेवतो, तिथे उचलायला वेळ लावतात.

मृणाल:
सगळ्यांचे मनापासून आभार. सर्जनशी बोलले, त्यांनी तारीख ठेवलीये, चीर लहानच देणार, तपासणीला जास्त वेळा बोलावणार. सासूबाईंना सांगितलं तेव्हा आधी गप्प बसल्या, मग स्वतः उठून ट्रंकेतून दहावीचा वर्गाचा फोटो काढून आणला. तो पहिल्या रांगेत आहे, सातवीतल्या मुलांएवढा, शर्टाच्या बाह्या कोपराच्या खाली आलेल्या. "मी दर वर्षी म्हणायचे, पुढच्या वर्षी वाढेल," एवढंच बोलल्या. नात्याचं विचारलं, आहेत, आजी एकच. फोटो जुना आहे आणि कोपऱ्यात चिकटलाय, सोडवताना फाटेल अशी भीती वाटते. कुणाकडे चांगला स्कॅनर आहे का? रविवारी दुपारपर्यंत घेऊन येऊ शकते.