फ्रायपॅन बर्नरच्या मापाने घ्यायचा की माणसांच्या?

निळी_ज्योत

फ्रायपॅन घेताना आपण घरात खाणारी तोंडं मोजतो, पॅन उचलून वजन बघतो, दांडा हाताला बसतो का ते पाहतो. तो ज्या बर्नरवर रोज बसणार, त्याचं माप मात्र कोणी काढत नाही. माझं म्हणणं सरळ आहे: आधी बर्नर मोजा, मग पॅन घ्या.

पॅनवर लिहिलेलं माप काठाचं असतं. ३० सेंमीचा पॅन म्हणजे वर, काठापासून काठापर्यंत ३० सेंमी. बाजू तिरक्या असल्यामुळे सपाट तळ भरतो २३ ते २५ सेंमी. आचेशी गाठ पडते ती या तळाची. म्हणून पॅन उलटा करून तळावर टेप लावा आणि घरी ज्योत पसरते ते वर्तुळ किती रुंद आहे ते बघून ठेवा. तळ त्या वर्तुळाच्या बाहेर चहूबाजूंनी दोन-अडीच सेंमी आला तर उत्तम. त्याहून फार मोठा झाला की मध्ये करपतं आणि कडेला पांढरंफटक राहतं. फार लहान झाला की ज्योत बाजूंनी वर चढते, पॅनच्या बाहेरून तेलाचा चिकट तपकिरी थर बसतो, दांडा तापतो आणि निम्मी आच हवेत जाते.

विजेच्या शेगडीवर तर हिशोब कागदावरच करता येतो. २० सेंमीच्या तबकडीवर १५ सेंमी तळाचा पॅन ठेवला तर तबकडीचा ४४ टक्के भाग उघडा राहतो.

खरपूस

तळ मोजा, हे मान्य. बाकी असहमत. पॅन लहान घेतल्याने जितका स्वयंपाक बिघडतो, तितका बर्नर न जुळल्याने बिघडत नाही.

मशरूमचे काप किंवा मांसाचे तुकडे घ्या. त्यातून पाणी सुटतं. गर्दी असेल तर ते पाणी उडून जायला जागाच नसते, आणि पाणी आहे तोवर तळाशी तापमान १०० अंशांच्या आसपास अडकून राहतं. खरपूस रंग यायला साधारण १४० अंश लागतात. लहान पॅनमध्ये तुम्ही परतत नसता, उकडत असता. तळ २० ऐवजी २५ सेंमीचा घेतला तर ५६ टक्के जास्त जागा मिळते. कडेची आच थोडी कमी असली तरी मला चालेल, तिथले तुकडे मी मध्ये आणीन. जागा मात्र कुठून आणणार?

निळी_ज्योत

जागा वाढली तशी आचही वाढायला हवी ना? बर्नर तोच राहिला तर ढोबळमानाने तीच उष्णता ५६ टक्के जास्त जागेवर पसरते, म्हणजे दर चौरस सेंमीला सुमारे ३६ टक्के कमी मिळते. मोठा बर्नर ३ किलोवॅटचा असेल तर तो हे झेपवून नेईल. मधला असतो साधारण पावणेदोन किलोवॅटचा. त्याच्यावर २५ सेंमीचा तळ गच्च भरला की तुमच्या त्या तुकड्यांना पाणी सुटणारच, जागा असूनही.

जड_बूड

दोघंही पॅन कशाचा आहे हे विसरताय. उष्णता वाहून नेण्याची ताकद धातूप्रमाणे बदलते. प्रमाण साधारण असं: तांबं ४००, अॅल्युमिनियम २०० च्या पुढे, बीड ५० च्या आसपास, स्टेनलेस स्टील जेमतेम १५. जाड अॅल्युमिनियमचा पॅन ज्योतीबाहेर चार सेंमी गेला तरी कड तापते. त्याच मापाचा बिडाचा पॅन मध्ये धुरावतो तेव्हा काठाला अजून हात लावता येतो.

स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं असेल तर कोरड्या पॅनवर चाळणीने पिठाचा अगदी पातळ थर भुरभुरा, मध्यम आच ठेवा आणि तिथेच उभे राहा. बिडाच्या पॅनमध्ये गॅसवर आधी एक बदामी कडं उमटतं, बर्नरच्या भोकांच्या मापाचं. त्याच्या आतला गोल आणि बाहेरची कड बराच वेळ पांढरी राहते. मग कडं गडद होतं, करपल्याचा वास येतो, तरी कड जेमतेम पिवळी पडलेली असते. जाड अॅल्युमिनियमवर सगळा थर जवळजवळ एकत्र रंगतो. तुमच्या पॅनचं आणि तुमच्या बर्नरचं जमतं की नाही, याचं याहून चांगलं उत्तर टेप देणार नाही. (नॉनस्टिकवर हे करू नका. रिकामा तापवला की त्याचा थर २६० अंशांच्या पुढे खराब व्हायला लागतो.)

मंद_आच

बिडाला उगाच बदनाम करू नका. बीड हळू तापतं आणि तापलं की सोडत नाही, हाच तर त्याचा उपयोग. मोठा पॅन लहान बर्नरवर दहा मिनिटं मंद आचेवर ठेवा, मधूनमधून पाव फेरा फिरवा, एकदा थोडा डावीकडे, एकदा उजवीकडे सरकवा. ओव्हन असेल तर त्यात तापवून घ्या. त्यानंतर पीठ भुरभुरून दाखवा. माणसाला घाई असते आणि दोष मापाला लागतो.

खरपूस

सहमत. माझंही हेच म्हणणं आहे.

निळी_ज्योत

दहा मिनिटं आधी तापवणं सुट्टीच्या दिवशी ठीक. सकाळी दोन अंडी करायला कोण इतकं थांबेल? जे रोज जमत नाही त्याच्या भरवशावर पॅन घेऊ नये.

काचेची_शेगडी

इंडक्शनचं कुणी बोललंच नाही, आणि तिथे निळी_ज्योत यांचा नियम सर्वात कडकपणे लागू होतो. काचेखालच्या कॉइलच्या वर जेवढा तळ येतो तेवढाच तापतो. बाजूंनी वर चढून कडेला थोडीफार मदत करणारे गरम वायू इथे नाहीत. शिवाय काचेवर काढलेलं वर्तुळ आणि खालची कॉइल एकाच मापाची असेलच असं नाही, कॉइल पुष्कळदा लहान असते. पॅनमध्ये थोडं पाणी घालून तापवा, पहिले बुडबुडे कुठे येतात ते बघा. कॉइल तिथे आहे.

अगदी लहान पॅन असेल तर शेगडी त्याला ओळखतच नाही. आणि पातळ लोखंडी पत्र्याचा मोठा पॅन लहान कॉइलवर पूर्ण ताकदीने तापवू नका. मधला भाग फुगतो, कड थंड असल्याने त्याला पसरायला वाव नसतो, आणि तळाला कायमचा बाक येतो. बाक वरच्या बाजूला आला तर तेल कडेला पळतं, खालच्या बाजूला आला तर पॅन काचेवर गरगर फिरतो.

खरपूस

इंडक्शनपुरतं मान्य. गॅसवर मात्र लहान पॅनची एवढी भीती कशाला? ज्योत बारीक करा, झालं.

निळी_ज्योत

नाही होत. ज्योत बारीक केली की तिची लांबी कमी होते, पण भोकांचं कडं जागचं हलत नाही. ते कडंच तळापेक्षा रुंद असेल तर बारीक ज्योतही बाजूलाच लागणार. नॉनस्टिक पॅनची वरची कड आधी काळपट होते ती यामुळेच. लहान पॅन लहान बर्नरवरच ठेवावा, यात मी तडजोड करणार नाही.

ओटा_छोटा

एक राहिलं. दोन बर्नरच्या मध्यांमधलं अंतर मोजा. मोठ्या पॅनचा काठ शेजारच्या बर्नरवर आला की तिथे दुसरं भांडं बसत नाही, आणि दांडा पुढे आला तर येता-जाता धक्का लागतो. लहान मुलं असतील तर हा मुद्दा सगळ्यांच्या आधी.

माझा प्रश्न: मोठ्या बर्नरवर ज्योतीचं वर्तुळ साधारण १७ सेंमी भरतं, मधल्यावर १२. जेवणारे चौघं. काय घेऊ?

निळी_ज्योत

मोठ्यासाठी २८ काठाचा, तळ २१-२२ च्या आसपास. मधल्यासाठी २० काठाचा, तळ १५-१६. परतायचं ते दोन वेळा थोडं थोडं परता.

खरपूस

चौघांसाठी ३० च्या खाली जाऊ नका, मोठ्या बर्नरवरच वापरा. फक्त तळाच्या आत जाड अॅल्युमिनियम असलेला घ्या, निव्वळ पातळ स्टीलचा नको.

जड_बूड

अॅल्युमिनियम फक्त तळाला चिकटवलेलं असेल तर ती चकती तळाच्या कडेपर्यंत पोचते का ते बघा. दीड सेंमी आधीच संपत असेल तर ज्योत नेमकी त्या पातळ कडेला लागते आणि तिथे दर वेळी काळं वर्तुळ उमटतं.